गडाखालचा डोह

सहादेव धिंदळे सुप्याच्या एका कारखान्यात कामाला होता आणि नगरजवळच्या केडगावात भाड्याच्या खोलीत बायकोसोबत, विजयमालासोबत राहत होता. चार वर्षं झाली होती. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून उघडं माळरान बघताना त्याचं मनगट आपोआप हलायचं. मनातल्या मनात तो गळ टाकत असायचा.

हे वेड लावलं होतं लंकाबाईनं, त्याच्या आत्यानं. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला त्यांची वाडी. नवरा लवकर गेला तशी ती माहेरी आली, ती तिथलीच झाली. वाडीतल्या बाया टोपल्या लावून मासे धरायच्या. हिची तऱ्हा वेगळी. कोंबड्याच्या मानेचं तांबूस पीस ती दोऱ्यानं गळाला असं बांधायची, की पाण्यावर किडाच उतरलाय असं वाटावं. पाऊस ओसरून ओढा निवळला की उन्हाकडे तोंड करून उभी राहायची. "सावली म्हागं पडू दे. मासा तुला आधी बघतोय, तू त्याला मागनं," म्हणायची. अंड्यांनी पोट फुगलेली मासळी लागली तर हळूच परत सोडायची. आणि ओढ्यातल्या डोहात पाणमांजरं उतरली की गळाची काठी आवरून घ्यायची. "त्यांचं होऊ दे आधी. त्यांना दुसरं काय येतंय?"

शहाण्णवच्या भाद्रपदात सहादेवला तीन दिवसांची रजा मिळाली. राजूरपर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटी पायवाट. आत्या ओट्यावर बसली होती.

"सहादू का रं?" पावलांवरनं तिनं ओळखलं, पण बघत होती भलतीकडेच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

"कळवलं का न्हाई, आत्या? डोहावर जाती का?"

"दोन वरसं झाली. कोन न्हेनार? वारं इकडनं सुटलं की पान्याचा आवाज येतो. तेवढंच."

आपणच काय ते दूर पडलो, असं चार वर्षं सहादेव समजत होता. ही तर डोहाचा आवाज कानावर येईल एवढ्या जवळ बसून झुरत होती.

सकाळी त्यानं तिचा हात धरला. अर्ध्या तासाच्या वाटेला दीड तास लागला. तिला सपाट दगडावर बसवलं. तिनं पाय पाण्यात सोडले.

"सांग की, काय काय दिसतंय?"

"खंड्या बसलाय उंबरावर. समोरच्या दगडावर पाणमांजराची विष्ठा हाय, खेकड्यांची कवचं हायेत तिच्यात."

"वाळलीय का वली?"

"वली."

"म्हंजी हायेत अजून." तिचं तोंड उजळलं.

सहादेवनं गळ टाकला. हात पार विसरला होता. दोर पाण्यावर फाटकन आपटला.

"पानी झोडपतोस व्हय? पीस उतरू दे, टाकू नको."

सातव्या-आठव्या वेळी पीस उतरलं. पाणी फुगलं आणि काठी वाकली. खडशी जातीची मोठी मासळी होती. तिनं डोहाच्या तळाकडे धाव घेतली, तसा सहादेवच्या छातीत आनंद मावेना. एवढ्यात आत्या ताडकन उठली.

"दोर तोड. वर चल."

"आत्या, लागलीय! लई मोठी हाय!"

"पानी गार पडलं. माती लागतीय पायाला. खेकडं वर निघालं, माझ्या पायावरनं गेलं आत्ता. चल म्हन्ते ना!"

डोक्यावर लख्ख ऊन होतं. पण सहादेवनं खाली पाहिलं, तर निवळशंख पाण्यात तांबडी रेघ उतरत होती आणि तिच्यासोबत हिरवी, ताजी तुटलेली पानं. गडावर कुठंतरी ढग फुटला होता. त्यानं दातानं दोर तोडला, आत्याला पाठीवर घेतलं आणि कडेच्या उतारावर चढला. थोड्याच वेळात झाडाच्या फांद्या घेऊन लोंढा आला. सपाट दगड दिसेनासा झाला.

"मासा गेला का?" पाठीवरनंच तिनं विचारलं.

"गेला."

"जाऊ दे." मग हळू आवाजात म्हणाली, "सहादू, मला एकदा डोळ्यानं बघायचाय रं डोह."

ती वाडी सोडणार नाही असंच सगळे धरून चालले होते. सहादेवनं नगरला चल म्हटलं आणि तिनं त्याच सांजेला गाठोडं बांधलं.

नगरला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर ती केडगावात राहिली. विजयमाला वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब घालायची. पट्टी निघाल्यावर आत्यानं खोली बघितली, नळाखालचं पिंप बघितलं, दारासमोरची कोरडी गटार बघितली.

"तू हितं कसा ऱ्हातोस रं?"

"सवय झाली."

तिनं पुतण्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं.

राजूरच्या गाडीत त्यानं तिला खिडकीची जागा धरून दिली. "दिवाळीला ये," ती म्हणाली. तो "येतो" म्हणाला. गाडी हलली आणि तो तसाच दुसऱ्या पाळीला गेला.

दिवाळीला रजा मिळाली नाही. आत्यानं शाळेतल्या गुरुजींकडून कार्ड लिहून घेतलं: रोज डोहावर जाते, पाणमांजरीला दोन पिल्लं आहेत, लौकर ये. ते कार्ड सहादेवनं विजयमालाला दोनदा वाचून दाखवलं.

रजा मिळाली ती मार्चअखेर. ओढा तेव्हा आटलेला असतो, डोहात कंबरभर पाणीही राहत नाही, पिल्लं घेऊन पाणमांजरं खाली नदीला निघून जातात. हे सगळं माहीत असून सहादेव पहाटेच्या गाडीनं निघाला.