निकोदिमची खाट

"बाच्या नावानं खाट द्यायची हाय का न्हाई, येवढंच सांग आक्का. बाकीचं मी बघते."

"द्यायची न्हाई आसं म्हणलं का मी?"

"मग शनवारी येतीस का?"

साव्हेतानं फोन या कानाचा त्या कानाला लावला. जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं उरली होती. मिरचीच्या काचेच्या शेडाबाहेर उलट्या खोक्यावर ती बसली होती, मांडीवर पावाचा तुकडा आणि घरनं आलेली चरबीतली डुकराची फोड.

"यायला-जायला बसचे तीनशे युरो," ती म्हणाली. "आन् मी तिकडं आसले तरी हितल्या खाटंचं भाडं चालूच. दहा दिस वर झालं की खाट दुसरीला देत्यात. खाट गेली की काम गेलं."

"सोन्याची हाय जणू ती खाट," गावाकडनं धाकटी बहीण डोम्निका म्हणाली.

सोन्याची कसली, लोखंडाची. एकावर एक अशा दोन, एका खोलीत चौघी, एका घरात अकरा बाया. आठवड्याला एकशेअठरा युरो. ते हातात यायच्या आधीच पगारातनं कापले जायचे. त्याच्यामागनं विमा, त्याच्यामागनं कामावर नेणाऱ्या गाडीचं भाडं. सात वर्षांपूर्वी साव्हेता हॉलंडला आली तेव्हा तिला वाटलं होतं, हे हप्ते आहेत. फेडत गेलं की खाट आपली होईल. चौथ्या महिन्यात तिनं कोस्तिनला तसं विचारलंही. हा कोस्तिन तिच्याच देशचा, पण आता कामाला बाया पुरवणाऱ्या एजन्सीचा माणूस, घरांवर आणि बायांवर नजर ठेवणारा. तो पोट धरून हसला आणि त्यानं सगळ्या घराला सांगितलं. तेव्हापासून साव्हेताला खाटेची मालकीण म्हणायचे. कुणी नवी आली की पहिली तीच गोष्ट ऐकायची.

बापाला जाऊन सहा आठवडे होत होते. डॅन्यूबकाठच्या त्यांच्या मुलखात सहाव्या आठवड्याच्या शनिवारी मेलेल्या माणसाच्या नावानं खाट देतात. गादी, चादर, उशी, टॉवेल, वर पेटवलेली मेणबत्ती. कुणातरी नडलेल्याला ती द्यायची, म्हणजे आपलं माणूस तिकडं भुईवर निजत नाही. द्यायची थोरल्या लेकीनं, आपल्या कमाईची.

बाप निकोदिम जन्मभर चुलीशेजारच्या फळीवर निजला. थोरली दरवर्षी फोनवर सांगायची, बा, औंदा आले की तुला खाट आणते, गुडघ्यांना बरी, मऊ गादीची. म्हातारा म्हणायचा, आण की. सात वर्षं दोघंही तेच बोलत होते. म्हाताऱ्याची खाट दरवर्षी तिच्याच खाटेनं खाल्ली. शेवटी तो फळीवरच गेला.

डोम्निकाची अडचण आणखी वेगळी होती. पैसे पाठवले असते तरी गावात खाट घ्यायला कुणी उरलं नव्हतं. नडलेलं म्हणावं असं जे जे होतं ते इटलीत, नाहीतर स्पेनात, नाहीतर हॉलंडात. राहिली एकटी मार्गिओआला म्हातारी. तिच्याकडं चार खाटा झाल्या होत्या. आता दारच उघडत नाही, मला बादली द्या, असं तिनं तोंडावर सांगितलं होतं.

"नडल्याली माणसं तुमच्याकडंच हायती," डोम्निका म्हणाली. "तिकडंच दे. पाद्रीबाबा म्हणला, चालतंय. पण घेणारीनं बोग्दाप्रोस्ते म्हणलं पायजे बघ."

म्हणजे देव त्याला क्षमा करो. दान घेणाऱ्यानं आभार मानायचे नसतात, हा एवढाच शब्द म्हणायचा. तो म्हटला की वस्तू पलीकडं पोचली.

साव्हेताला लगेच व्हिओरिका आठवली. रविवारी आलेली, पन्नाशीची, त्यांच्याच जिल्ह्यातली. पहिलं काम गुरुवारी देतो म्हणाले, खाटेचं भाडं मात्र रविवारपासनंच. बाई दुसऱ्यांच्या चहात पाव बुडवून दिवस काढत होती, आणि पगाराच्या पहिल्याच चिठ्ठीत आपण एजन्सीला देणं लागू या भीतीनं तिची झोप उडाली होती. यापरीस नडलेलं माणूस कुठनं आणायचं?

संध्याकाळी साव्हेतानं कोस्तिनला अंगणात गाठलं आणि एकशेअठरा युरो रोख त्याच्या हातावर ठेवले. व्हिओरिकाचं पहिल्या आठवड्याचं भाडं माझ्याकडनं, तिच्या पगारातनं खाट कापायची नाही, बाच्या नावानं आहे, असं नीट समजावून सांगितलं. कोस्तिननं तोंडातली सिगारेट काढली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पैसे खिशात घातले. म्हणाला, मला काय सांगायला पायजे व्हय, माझ्या आजालाबी दिली हाय आमी.

खाट द्यायची तर एक गोष्ट तिच्या डोक्यात कुरतडायला लागली. व्हिओरिकाला मिळाली होती साव्हेताच्याच वरची, शिडीची. बापाचे गुडघे तर ओसरीच्या दोन पायऱ्यांना कुरकुरायचे. तो मेल्यावर शिडी कसा चढणार? मग साव्हेतानं आपलं गाठोडं उचललं, वरती नेऊन टाकलं आणि खालची, सात वर्षं आपण झोपलेली, रिकामी केली. तिचे स्वतःचे गुडघेही बापावरच गेलेले होते, पण ती काय अजून मेली नव्हती. नवी चादर, उशी, टॉवेल बाजारातल्या स्वस्त दुकानातनं आणला. मेणबत्ती खोलीत पेटवायची सोय नव्हती, छताला धूर हुंगणारं यंत्र होतं. ते वाजलं की पन्नास युरो दंड. म्हणून शनिवारी सकाळी दोघी सायकलींच्या शेडात गेल्या. वाऱ्यात आठ काड्या वाया गेल्या. नववीला वात पेटली, तेवढ्यात साव्हेतानं बापाचं नाव घेतलं. मग विझलेली, वास मारणारी मेणबत्ती घेऊन त्या आत आल्या.

व्हिओरिकानं चादरीवर हात ठेवला. म्हणाली, "बोग्दाप्रोस्ते." आणि रडली. साव्हेता रडली नाही. तिला मोकळं वाटलं, एखादं पोतं खांद्यावरनं उतरावं तसं. डोम्निकाला फोन करून तिनं सांगितलं, दिली, खालची दिली.

पुढच्या शुक्रवारी पगाराच्या चिठ्ठ्या आल्या. व्हिओरिका स्वयंपाकघरात उभीच राहिली, कागद हातात धरून. दोन दिवसांच्या मजुरीतनं विमा कापला होता, गाडी कापली होती आणि खाट कापली होती, एकशेअठरा. खालच्या आकड्याआधी वजाबाकीचं चिन्ह होतं.

साव्हेता तोच कागद घेऊन कोस्तिनकडं गेली. कोस्तिन गाडीत बसूनच बोलला. खाट ऑफिसातनं आपोआप कापली जाते, त्याला माझा इलाज नाही. तुझे पैसे खाल्ले नाहीत मी. तिची अनामत भरायची राहिली होती, चावीची आणि गादीची, तिच्यात लावले.

"म्हंजी?"

"म्हंजी ती घर सोडून जाईल तवा तिला माघारी मिळतील. काय तुटलं-फुटलं न्हाई तर. साफसफाईचे कापून."

"माझ्या बाच्या नावानं दिलं हुतं ते."

"मला ठाव हाय की. पण ऑफिसात बाच्या नावाचा रकाना न्हाई, साव्हेताबाय."

"मग माझ्या बाची खाट गहाण टाकलीस की रं तू."

कोस्तिन हसला नाही. म्हणाला, मीबी तिकडचाच हाय, पण मलाबी वर कुणाला तरी तोंड द्यावं लागतं. आणि काच वर घेतली.

व्हिओरिका घराच्या दारातच थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "मी घेतली म्हणले, पण मला मिळालीच न्हाई गं. देवासमोर खोटं बोलाया लावलं मला. मी फेडते तुझं, दर हप्त्याला दहा-दहा."

"फेडू नगस," साव्हेता म्हणाली. "फेडलंस तर हाय तेबी जाईल."

मग कागदाची घडी घालत म्हणाली, "चादर आन् उशी तर माझ्याच पैशाची. तेवढी पोचली आसंल. टॉवेलबी."

म्हणजे बाप तिकडं भुईवरच, फक्त डोक्याखाली उशी. फळीपेक्षा वेगळं काय झालं, हे तिला काही केल्या कळेना.

रात्रीचं जेवण कुणी नीट केलं नाही. डोम्निकाचा फोन आला, सगळं बरं का, बा सपनात आला का काही मागायला. साव्हेता म्हणाली, न्हाई आला, निजला आसंल. डोम्निका समाधानानं म्हणाली, तिकडंच पाठवायला पायजे हुतं आधीच, हितं मार्गिओआलानं घेतलीच नसती. फोन ठेवून साव्हेता शिडी चढली, एकेका पायरीवर थांबत. खालच्या खाटेवर व्हिओरिका भिंतीकडं तोंड करून पडली होती. खालची परत मागता आली असती. साव्हेताच्या जिभेवर आलंही होतं. पण दिलेलं मागायचं तोंड तिला झालं नाही.

सकाळी सव्वापाचला गाडी आली. गाडीत कुणीतरी नव्या बाईला खाटेच्या मालकिणीची गोष्ट सांगत होतं. साव्हेतानं ऐकलं आणि डबा मांडीवर घट्ट धरला. शेडात पोचल्यावर तिनं हातमोजे चढवले, गाडा रुळावर ढकलला आणि बाराव्या ओळीत शिरली. गुडघा धरला होता. पिवळी ढोबळी मिरची देठाशी कापायची, बोटभर देठ ठेवून, खोक्यात अलगद टाकायची. डाग पडला तर माल बाद. तिनं पहिली कापली, मग दुसरी.