जयसिंगची सातवी कंपनी

चिंचवडच्या जयसिंग काळोखेने एकोणऐंशी सालापर्यंत सहा कंपन्या काढल्या आणि सहाही बुडवल्या. शेड मात्र एकच आणि पाटीही एकच. नव्या कंपनीचं नाव जुन्या नावावरच रंगवायचं. थरावर थर चढून पत्र्याची पाटी इतकी जड झाली होती, की वादळातसुद्धा हलायची नाही.

तिसरी कंपनी व्होल्टेज स्टॅबिलायझरची. व्होल्टेज काही जागेवर राहायचं नाही, पण खोकं असं छान ऊबदार व्हायचं की त्यावर दही झकास लागायचं. नवरे खोकी परत करायला निघायचे आणि बायका दारात आडव्या व्हायच्या. पाचवी कंपनी टाकी भरली की वाजणाऱ्या घंटेची. घंटा एकूण एक चोख! टाक्याच कुणाच्या भरत नव्हत्या.

सातवी कंपनी मोजणी यंत्राची. एका बाजूला दिवा, समोर यंत्राचा डोळा. मधून वस्तू गेली की आकडा एकाने पुढे. या वेळी मात्र बायकोने, शालनबाईने, अट घातली.

"खंडेनवमीपर्यंत गिऱ्हाईक आणा, न्हाईतर दसऱ्याला नोकरीचा अर्ज. भिमाजीनं फारम आणून ठेवलाय."

भिमाजी तिचा भाऊ. भोसरीच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामाला, उजव्या हाताची दीड बोटं त्या प्रेसलाच देऊन बसलेला. खंडेनवमीला तोच आपल्या कारखान्याच्या खरेदीसाहेबांना, हिंदुरावांना, शेडवर घेऊन आला. शालनबाईने यंत्राला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि साहेबांना घाम आला म्हणून पंखा लावला.

जयसिंगने चार वॉशर सरकवले. आकडा आला एकशे सत्तावीस.

"बरकत आहे हो तुमच्या यंत्रात," साहेब म्हणाले.

आकडा पळतच होता. दोनशे. तीनशे. वॉशर संपले तरी थांबेना.

"दाजी, माळ!" भिमाजी ओरडला. पंख्याच्या वाऱ्याने झेंडू डोळ्यापुढे झुलत होता. जयसिंगने कपाळावर हात मारला. शालनबाईने फळीवरचा फॉर्म काढला.

भिमाजी मात्र माळ बाजूला सारून यंत्रासमोर बसला. डोळ्यापुढून आपला दीड बोटं कमी असलेला हात फिरवू लागला. हात गेला की आकडा पुढे, पुन्हा हात, पुन्हा आकडा.

"दाजी, फूल हललेलं याला कळतं, हात गेलेला कळतो. मग हात आत असताना प्रेस बंद करायला काय घेईल हे?"

जयसिंगने यंत्र फिरवून मागच्या तारा चाचपल्या.

"एक तार," जयसिंग पुटपुटला आणि मग जवळजवळ नाचतच म्हणाला, "फार तर दोन!"

हिंदुरावांनी भिमाजीच्या हाताकडे पाहिलं. "काळोखे, आमच्याकडे अकरा प्रेस आहेत. आधी याच्या प्रेसला लावून दाखवा. जमलं, तर बाकीच्या दहांनाही."

"म्हंजे आता आठवी?" शालनबाई म्हणाली.

"अगं, शेवटचीच!"

"पाचवीलाबी तेच म्हणाला होता." असं म्हणत तिने नोकरीचा फॉर्म मधोमध फाडला. एका तुकड्यात साहेबांसाठी प्रसादाचं खोबरं बांधलं आणि दुसरा नवऱ्याच्या हातात दिला. "पाटीवर काय लिहायचं ते मागच्या बाजूला लिहा. पेंटर जेवायला घरी जायच्या आत गाठते त्याला."