बाबांनी सजवलेली सायकल

चंद्रपूरच्या सायकलच्या दुकानात बाबांचं आणि माझं असं काही जुंपलं, की दुकानदारानं आधी आम्हाला पाणी दिलं आणि मग तो स्वतःच बाहेर जाऊन उभा राहिला.

मला नर्सची नोकरी लागली होती. जिल्ह्याचे नुकतेच दोन तुकडे झालेले, आणि माझी नेमणूक नव्या तुकड्यात, आलापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या एका उपकेंद्रावर. पाच गावं माझ्याकडे, आणि एसटी त्यातल्या एकाच गावापर्यंत. म्हणजे सायकल हवीच. आणि बाईसाहेबांना सायकलच येत नव्हती! मी बावीस वर्षांची घोडी, पण तोवर फक्त बाबांच्या मागे कॅरिअरवर बसलेली.

मला आवडली होती एक लालभडक सायकल. टायर बारीक, हँडल वळणदार, वजनाला अगदी हलकी. बाबांनी ती एका हातानं उचलली आणि परत ठेवली.

“हे सायकल नोहे, खेळणं हाय. पयल्याच गोट्यावर रिम वाकते हिची.”

“तुमाले काय माहीत जंगलातलं?”

“अन् तुले लय माहीत हाय!”

खरं सांगायचं तर दोघांनाही काही माहीत नव्हतं. आम्ही माजरीचे, बाबा कोळशाच्या खदानीतले. शेवटी काळी लेडीज सायकल ठरली, जाड टायरची, दणकट. साडीची सोय म्हणून दांडा नाही, एवढंच माझं ऐकलं गेलं. मी तोंड फुगवून बसले, आणि बाबा तिला सजवायला लागले. मागच्या चाकाला जाळी, साडी अडकू नये म्हणून. दोन्ही चाकांवर रुंद मडगार्ड, टायरला अगदी लागून, आणि त्यांच्या टोकांना रबरी पट्ट्या. माजरीत कोळशाची धूळ सगळ्यात शिरते, भातातसुद्धा. तिथं झाकलेली सायकलच टिकते, आणि बाबांची वीस वर्षं टिकली होती. पोरीच्या सायकलीत त्यांनी काही कमी ठेवलं नाही.

आईचा मात्र नोकरीलाच विरोध. एकटी पोर, जंगल, वरून सायकल. तेव्हा बाबांनी मध्ये पडून तोड काढली. “पावसाळ्यात मी जातो. तिनं सगळ्यात लांबच्या गावाले माझ्यासमोर सायकलनं जाऊन दाखवावं. जमलं तं राह्यते. नाई जमलं तं राजीनामा देऊन माझ्यासंगं वापस.” आई हो म्हणाली. मला पर्याय नव्हता, मीही हो म्हणाले.

मग पंधरा दिवस खदानीच्या वसाहतीतल्या मैदानावर आमचा तमाशा. बाबा ड्यूटीवरून आले की कॅरिअर धरून माझ्यामागे पळायचे. “समोर पाह्य! चाकाकडं काऊन पाह्यतं? चाक कुठी पळून जात नाई!” एकदा बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही म्हणून मी वळून पाहिलं. ते मैदानाच्या पार त्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभे. मी घाबरून तिथंच आपटले. गुडघा फुटला. ते इतके हसले, की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

उन्हाळ्यात मी जंगलात रुजू झाले. सायकल मस्त पळायची. म्हटलं, जिंकलो आपण!

आणि मग धानाची रोवणी लागली. त्या भागातली वाट धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे पाणी साचवलेल्या वाफ्यांमधून जाते, आणि तिथला चिखल चिकण, कणकेसारखा. तो टायरला लागतो, टायरबरोबर वर चढतो आणि मडगार्डखाली जाऊन बसतो. पन्नास पावलांत चाक जाम. काडीनं उकरायचं, पुन्हा पन्नास पावलं. लांबच्या गावाला लसी द्यायच्या होत्या त्या दिवशी मी अर्ध्या वाटेवर बांधावर बसून अक्षरशः भोकाड पसरलं. लसींच्या डब्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं. परत आले.

उपकेंद्रावर माझ्या मदतीला एक दाई होती, गोंड, वयानं माझ्या आईएवढी. माझी दशा पाहून तिनं आधी पोटभर हसून घेतलं.

“बाई, सायकलले लुगडं कोणं नेसवलं वो? इथी कोणाच्या सायकलले मडगार्ड पाह्यलं का तू?”

खरंच की! माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. जंगलातले चौकीदार, टपालवाले, मास्तर, सगळ्यांच्या सायकली उघड्या. पाऊस लागला की तिथली माणसं आधी मडगार्ड काढून घरात टांगतात. चिखल अंगावर उडतो, उडू द्या, चाक तर फिरतं. आम्ही दोघींनी पाना घेऊन सगळं उतरवलं, मडगार्ड, पट्ट्या, जाळी. साडी अडकू नये म्हणून दाईनं मला ती कासोट्यासारखी आवळून नेसायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी मी लांबच्या गावाला पोचले, पाठीवर मानेपर्यंत चिखल, आणि बर्फ डब्यात शाबूत. काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग बाबांचं पत्र आलं. येतो म्हणून.

मला धास्ती बसली. परीक्षेची नव्हे. ती उघडीबोडकी सायकल ते पाहतील त्याची. एकेक नट त्यांनी स्वतःच्या हातानं आवळला होता. त्यांना काय वाटेल? दाई ओरडत राहिली, “येडी झाली का?” पण मी सगळं परत बसवलं. चार दिवस पाऊस नव्हता, वाट वाळली असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

बाबा आले. सायकलीला एक फेरी मारली, जाळीवर हात फिरवला, खूश झाले. त्यांच्यासाठी दाईच्या नवऱ्याची सायकल मागून आणली होती, ना मडगार्ड, ना घंटी. “हे कायचं भंगार?” म्हणत ते बसले.

लसींचा डबा घेऊन निघालो. वाळकी वाट संपली, बांध्या लागल्या. तिथं वाट काही वाळली नव्हती. भंगार सरळ पुढे गेलं, आणि माझं चाक जाम. उकरलं, पुन्हा जाम. तिसऱ्यांदा मी आडवी झाले. बाबा परत फिरले आणि जवळ येऊन हळूच म्हणाले, “जाऊ दे माय. नाई जमत तं नाई जमत. घरी चाल.”

त्या मायेच्या आवाजानंच माझं डोकं फिरलं. “मले जमते! या तुमच्या मडगार्डानं खाल्ली माझी नोकरी!” मी किंचाळले. किंचाळले आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 बाबांनी आपल्या भंगार सायकलीच्या चाकाकडं पाहिलं, मग माझ्या. “पाना हाय?”

मी पिशवीतून काढून दिला. ते चिखलात उकिडवे बसले. पहिल्याच नटाशी त्यांचा हात थांबला.

“हे आधी खोललेलं हाय.”

“हो.”

“मंग वापस काऊन बसवलं?”

“तुमी येनार होते म्हनून.”

त्यांनी मान वर केली नाही. बराच वेळ एकच नट फिरवत राहिले, तो निघाला होता तरी. मग सगळं उतरवलं, दोरीनं बांधून पाठीला अडकवलं आणि म्हणाले, “हो समोर. मी येतो मांगून.”

मी गेले. सात लेकरांना लस दिली. बाबा मागून पोचले आणि एका झाडाखाली बसून बघत राहिले. एका आजीनं विचारलं, हा कोण, तर मी ऐटीत सांगितलं, माझा बाप.

परतीच्या एसटीला मी पोचवायला गेले. आईला काय सांगणार, हे विचारायची माझी हिंमत होईना. राजीनामा म्हणाले तर?  ते खिडकीशी बसले, मांडीवर मडगार्डाचं गाठोडं. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता माझ्याकडं पाहिलं.

“पोरीले न्याले आल्ते का, काका? पोरगी नाई येत का संगं?”

“थे कायले येते?” बाबा जरा रागानंच म्हणाले. “तिची ड्यूटी हाय इथी.”