राहेलच्या जॉयचा डावा हात

राहेलचं कौतुक करायचं म्हटलं की माझ्या पोटात अजून दुखतं. तरी करते, कारण तिच्याबद्दल मनातल्या मनात वाईटसाईट बोलण्यात मी जवळजवळ एक वर्ष घालवलं आणि त्यातलं अक्षरही खरं नव्हतं.

आमची ओळख शिरूरच्या विशेष मुलांच्या केंद्रातली. दर मंगळवारी मी निमोण्याहून एसटीने राजनंदिनीला घेऊन जायची आणि ती तिच्या जॉयला घेऊन चालत यायची. दोन्ही मुलांना डाऊन सिंड्रोम. दोघांची बोटं आखूड, हात ढिले. माझी पोरगी सहा वर्षांची, तिचा पोरगा पाच महिन्यांनी लहान. हे पाच महिने मी पक्के लक्षात ठेवले होते, कारण लहान असून तो पुढे होता. माझी राजनंदिनी मणी ओवताना रडायची, आणि जॉय शर्टाची बटणं लावून वर टाळ्या वाजवायचा. चड्डीसुद्धा आपली आपण वर ओढायचा. शिकवणाऱ्या सविता मॅडम त्याला शाबासकी द्यायच्या, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसायची.

राहेल रांजणगावला एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. मंगळवारी तिची सुट्टी. रोज सकाळी कामावर जाताना ती कणकेचा एक गोळा जॉयच्या हातात देऊन जाते. तो त्याचे चिमटे काढतो, तुकडे करतो, पुन्हा मळतो. हे तिने मला कितीदा तरी सांगितलं होतं. मी ऐकल्यासारखं करायची आणि एसटीत बसल्यावर मनात म्हणायची, हिला काय, मिशनवाल्यांची मदत असेल. हिच्या पोराचं दुखणंच हलकं असेल. माझंच नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

पण मला घाई होती. राजनंदिनी आपल्या हाताने जेवायला लागली तरच जूनमध्ये शाळेत घालायची, असं आमच्या घरात ठरलं होतं. "शाळंत कोण भरवणार तिला?" असं आमचे हे म्हणाले होते. चमचा तोंडाशी जाईपर्यंत रिकामा व्हायचा. भाकरी तर तिला तोडताच यायची नाही. तोवर मार्च उजाडला होता.

त्याच महिन्यात एका मंगळवारी राहेल म्हणाली, "अनिताताई, आज आमच्याकडंच जेवा की. तुमच्या एसटीला अजून दोन तास हायत."

मी गेले ती खोट काढायलाच. घर दोन खोल्यांचं, झाडूनपुसून लख्ख. तिथं काही सापडेना. मग तिने ताटं वाढली. बाजरीची भाकरी, मेथी, मुगाची आमटी. जॉयने डाव्या हाताने भाकरी ताटात दाबून धरली आणि उजव्याने तुकडा तोडला. झालं, मला हवं ते मिळालं.

"डावा हात ताटात? आमच्यात न्हाई बाई चालत."

"आमच्यात तरी कुठं चालतंय?" राहेल हसली. "सासूबाई चार म्हैने बोलत नव्हत्या माझ्याशी. पर ताई, त्याच्या बोटात जोर न्हाई. आपण तोडतो एका हातानं, त्याला कसं जमावं? दुसऱ्या हातानं धरायला नको व्हय?"

मग तिने राजनंदिनीकडे पाहिलं. "हिचा डावा हात कुठं हाय?"

मांडीखाली होता. ताट समोर आलं की ती डाव्या हातावर बसते. रोज बघत होते मी. माझ्या सासूबाई, तुळजाबाई, तीन वर्षं त्या हातावर चापट मारत आल्या होत्या. खोटं कशाला बोलू, मीही मारली होती. आम्ही पोरीला वळण लावत होतो. मॅडम मणी ओवायला दोन्ही हात वापरायला लावायच्या, पण घरी ताटावर काय चालतं ते मी त्यांना कधी सांगितलंच नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असंच वाटलं नव्हतं.

राहेलने तो हात हळूच बाहेर काढला, धुतला आणि भाकरीवर ठेवला. राजनंदिनी भाकरीकडे बघेना. खांदा आखडून ती माझ्याकडे बघत होती. चापट कधी येते म्हणून.

"धर," मी म्हणाले.

दोनतीनदा भाकरी निसटली. मग तुटली. चांगला मोठा, वेडावाकडा तुकडा. आणि तो तिने राहेलच्या तोंडात घातला!

सहा वर्षं भरवलं कोणी? मी. आणि पहिला घास त्या बाईला! मला रडू फुटलं. ते आनंदाचं आहे असं राहेलला वाटलं, आणि मी तिला तसंच वाटू दिलं.

त्या दिवशी दिवेलागणीला घरी सगळे जेवायला बसलो. राजनंदिनीचा हात पुन्हा मांडीखाली. "काढ," मी म्हणाले. ती काढेना, समोर बसलेल्या आजीकडे बघत राहिली. नुसत्या सांगण्याने हे होणारं नव्हतं. मग मी उठले, माझा डावा हात धुऊन आले आणि सगळ्यांदेखत स्वतःच्या ताटात घातला. दोन्ही हातांनी भाकरी तोडली.

"येड लागलं का गं तुला?" तुळजाबाई कडाडल्या. "सुनंनं असं जेवायचं व्हय?"

"व्हय आत्याबाई. पोरगी शिकस्तवर मी अशीच जेवणार."

त्या ताट उचलून आत निघून गेल्या. हे खाली मान घालून जेवत राहिले. राजनंदिनीने माझ्या हातांकडे बराच वेळ पाहिलं आणि आपला डावा हात बाहेर काढला.

पहिला तुकडा खाली पडला. दुसरा नीट तुटला. मी तोंड पुढे केलं. खरंच केलं, लाज वाटते सांगायला, पण दुपारपासून मी त्याच आशेवर होते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुकडा आमटीत बुडवून स्वतःच्या तोंडात घातला. मग आणखी एक. मग आणखी एक. सगळी भाकरी तिची तिने खाल्ली आणि मला त्यातला एक घासही दिला नाही.