आतली चिठ्ठी, बाहेरची चिठ्ठी

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहागडच्या पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकलो होतो. "भाऊजी, तुमचे दोस्त गेले," वहिनी एवढंच म्हणाल्या. आणि मला आधी आठवला तो त्याच्या मायचा आवाज... जो मी घालवला होता. महिना झाला. आता लिहिल्याशिवाय सुटका न्हाई.

घनसावंगीत आमची रेकॉर्डिंगची खोली होती. आत एक संगणक, बाहेर एक, मधे केबल. आतला प्रोग्राम रंगनाथचा. तो आवाजाचे बारीक तुकडे करून पाठवायचा. बाहेरचा माझा, तो ते जोडून साठवायचा. रंगनाथ वाटूरचा, घरच्या शेतात बियाण्याचे प्लॉट. बियाण्याच्या पिशवीत एक चिठ्ठी असते आणि बाहेर शिवणीत दुसरी. बाहेरची फाटली तरी माल ओळखू यावा. यानं आवाजाच्या तुकड्यांनाही तेच केलं. आधी क्रमांक आणि लांबी, शेवटी पुन्हा तेच, तेही अक्षरांत लिहून! संगणक जुने, आवाज अडखळायचा. मालापेक्षा चिठ्ठ्याच जड, म्हणून मी त्याची टर उडवायचो. तो गावी गेलेला असताना दोन्ही प्रोग्राममधून मी चिठ्ठ्या काढून टाकल्या. काय सुसाट चाललं मंग! मी मारवाडी, म्हणून तो मला शेट म्हणायचा. आल्यावर म्हणाला, "शेट, एक तरी राहू दे." मी म्हटलं, ठेवलीय. ठेवली नव्हती.

पुढच्याच महिन्यात मायच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलं. आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी बिलकुल स्पष्ट सांगितलेलं. आदल्या दिवशी ती आमच्या खोलीत तासभर बोलली, गायली, रंगनाथला मनसोक्त रागावली. नंतर लावून बघतो तर चार मिनिटांपुढं नुसती खरखर. केबलमध्ये एक बाइट, म्हणजे आकड्यांचं एक घर, गळालं होतं, पुढंही जागोजाग गळत गेलं होतं, आणि दर वेळी तिथून पुढचा सगळा हिशोब एका घराने सरकला होता. चिठ्ठी असती तर पुढच्याच तुकड्याला गाडी रुळावर आली असती. रंगनाथ मायचा हात धरून म्हणाला, "माय, माझ्याच हातून गेलं." मी शेजारीच होतो. गप्प बसलो. लाज वाटते लिहिताना.

पुढं माय गेली, खोली बंद झाली, तरी तो रोज संध्याकाळी त्या खरखरीपुढं बसायचा. एक घर सरकवायचं, आवाज लागला की पुढच्या तुटीपर्यंत जायचं, पुन्हा सरकवायचं. किती वर्षं! मी चहा प्यायला जायचो, बघायचो, निघून यायचो.

दहाव्यानंतर वहिनींनी त्याचा संगणक लावून दिला. खरखरीतून सोडवलेले मायच्या आवाजाचे एकतीस तुकडे, प्रत्येकाला पुढे-मागे चिठ्ठी. शेजारी माझा जुना प्रोग्राम. काढलेल्या ओळींच्या जागी त्यानं खूण केलेली. हे त्याला कधी कळलं, मी विचारलं.

"मायचा आवाज गेला, त्याच आठवड्यात," वहिनी म्हणाल्या. "मला म्हणले, तू बोलू नको. शेट सोता सांगंल."

आता रविवारी सकाळी मी त्याच्या खुर्चीत बसतो. परवा खरखर एक घर सरकवली आणि माय आली, जवळून, स्वच्छ. "शेट, घेतलं का रे समदं?" तिच्यामागे माझाच आवाज, ऐटीतला. "हो माय, सगळं घेतलं."

तो बत्तिसावा तुकडा. पुढं एक चिठ्ठी लावली, मागं एक.