नोरीननं फर्नला मेंढरांवर चढवलं

ऑस्ट्रेलियात डार्लिंग नदीच्या काठी, विलकॅनिया गावाच्या खालच्या रानात मेंढरं हाकणारी बाई एकच, नोरीन हॅकेट. वय एकसष्ट, गुडघे दोन्ही बाद, तोंड मात्र शाबूत. लोकर कातरणीच्या हंगामात मेंढरं शेडात चढवायचं काम तिचं. फळ्यांच्या अरुंद गल्लीत शंभरभर मेंढरं दाटून उभी राहतात. पुढचं एक अडलं की सगळं खोळंबलं. मग कुत्र्यानं मागून उडी घ्यायची, पाठींवरून पळत पुढं जायचं आणि अडलेल्याच्या कानाशी भुंकायचं. तिचा जुना कुत्रा साप चावून गेला. उरली फर्न ही कुत्री. पत्रा वाजला तरी गाडीखाली शिरणारी.

मालक क्लेम म्हणाला, "नोरीन, सोमवारी कातरणारे येत्यात. तवर ही पाठीवर चढली तर काम तुझं. न्हाईतर पुतण्याला बोलावतो. त्याची तीन कुत्री हायती."

"तुझ्या पुतण्याला मेंढरानं हाकललेलं मी बघितलंय, क्लेमा."

"चारच दिस हायती."

"लई झालं."

पहिल्याच दिवशी नोरीन चुकली. हाताशी होते म्हणून गेल्या महिन्यात कातरलेले एडके गल्लीत घातले, तेही विरळ. उघड्या पाठीवर नखं रुतेनात. फर्न घसरली, दोन एडक्यांच्या फटीतून खाली गेली आणि खुरांखाली तुडवली गेली. मी फाटक ओढणारा गडी, मानगुटीला धरून बाहेर काढली. त्यानंतर ती गल्लीकडं बघेना.

"सोड नाद," मी म्हणालो.

"अक्कल माझी घसरली. कुत्रीला कशाला बोल लावतोस?"

शुक्रवारी दिवसभर तिनं फर्नला, पायांना लोकरीची सवय व्हावी म्हणून, लोकरीच्या गठ्ठ्यांवरच खायला घातलं. शनिवारी न कातरलेली, जाड लोकरीची मेंढरं गल्लीत अशी ठासून भरली, की मुंगी शिरायची नाही. फर्न शेपूट पोटाशी घेऊन बसली. नोरीननं हाक मारली नाही. बूट काढले, फळीवर चढली आणि स्वतःच मेंढरांवर पालथी पडली.

"आगं, मरशील की!" मी ओरडलो.

"मग पुर इथंच. वाट सोड."

रांगत निघाली. मेंढरं खालून ओरडतायत, ही वरून शिव्या देतेय. मागं एकदाही वळून बघितलं नाही. ती लांब गेली तशी फर्न कुईकुई करायला लागली. एक पाय टाकला. लोकरीत नखं रुतली. मग पोट टेकत, सरपटत, कुत्री पार तिच्यापाशी. नोरीननं कौतुक केलं नाही. तोंड फिरवलं आणि म्हणाली, "आता परत."

रविवारी अकरा खेपा झाल्या.

सोमवारी मेंढरांच्या तिसऱ्या खेपेला गल्ली अडली. क्लेम कठड्याला टेकून बघत होता. फर्न चढली. मधोमध भीतीनं एका मेंढीच्या पाठीवर मुतली, पण थांबली नाही. पुढं जाऊन भुंकली. खोकल्यागत एकच आवाज. अडलेलं मेंढरू हललं, मागची रांग सुटली.

"चांगल्या लोकरीवर मुतली की गं!" क्लेम म्हणाला.

"तेवढी बाजूला काढ. आन् पुतण्याचं काय?"

क्लेमनं टोपी सारखी केली. "येऊ नको म्हणून सांगतो."

"आत्ता सांग," नोरीन म्हणाली, "आन् मेंढरांचं ते दुसरं वाडगं उघड. कातरणारे रिकामे बसल्यात."