कोळवणची हवाई परिषद

या पृथ्वीवर जे जे बिघडू शकतं, त्या सगळ्याची आगाऊ काळजी करायचा मक्ता आमच्या साडूंनी एकट्याने घेतला होता. आम्ही बाकीचे नातेवाईक आयुष्यभर निर्धास्त राहिलो ते त्यांच्या जिवावर. साडू विमान चालवत. सरकारी कंपनीचं, मुंबईहून आखातात आणि तिथून लंडनला जाणारं. आकाशात माणूस म्हणे अगदी शांत. जमिनीला पाय लागले की मात्र जीव कासावीस. म्हणून त्यांनी कोळवणच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या कडेला, लहानसं घर बांधलं. निवांतपणासाठी! पहिल्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "साडूभाऊ, इथे फारच शांत आहे हो. काहीतरी बंद पडलंय."

भाजी आणायला जीपने पौडला जायचं, तर पौडला उतरणं जमलं नाही तर कुठे उतरायचं, हे आधी ठरे. "पर्यायी ठिकाण, कासार आंबोली," ते जाहीर करत. पेट्रोल पौडपुरतं, वर कासार आंबोलीपुरतं, आणि त्याच्याही वर पाऊण तास घिरट्या घालण्यापुरतं. चावी फिरवण्यापूर्वी मी शेजारी बसून यादी वाचायची आणि त्यांनी उत्तरं द्यायची. "हँडब्रेक?" "ओढलेला." "आरसे?" "दोन." "कोंबड्या?" "बाहेर." कोंबड्या ही यादीत कोळवणने घातलेली भर. एकदा मी हसलो, तर त्यांनी सगळी यादी पहिल्यापासून घेतली. पौडची भाजी तोवर संपली होती.

सन पंच्याऐंशीच्या सुमाराला त्यांच्या काळजीला पहिल्यांदाच खरं कारण मिळालं. आखातातली एक परदेशी कंपनी स्वस्त तिकिटं घेऊन मुंबईत उतरू पाहत होती आणि तिला आठवड्याला किती फेऱ्या द्यायच्या, याचा करार दिल्लीत व्हायचा होता. फेऱ्या वाढल्या, तर साडूंचीच वाट बंद होणार आणि निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं त्यांना कार्यालयात टेबलामागे बसावं लागणार. हे त्यांनी मला सांगितलं. तेव्हा मात्र मी हसलो नाही.

निवेदन लिहायला एका रविवारी त्यांचे तीन वैमानिक मित्र कोळवणला आले. घर सांभाळणाऱ्या भागूबाईंनी पिठलं-भात रांधला होता. साडू पांढरेफटक पडले. एका विमानातले दोन वैमानिक कधीही एकच पदार्थ खात नाहीत. अन्न बाधलं तर निदान एक तरी शुद्धीवर हवा. इथे तर चौघांपुढे एकच पातेलं!

"समदी एकदम आडवी व्हनार व्हय माज्या पिठल्यानं?" भागूबाई कडाडल्या. तरी चार भाज्या झाल्या. त्या आदळआपटीसह वाढल्या गेल्या.

मग वादाला तोंड फुटलं. एक म्हणाले, फेऱ्या समसमान हव्यात. दुसरे म्हणाले, समसमान कशा? प्रवासी सगळे आपले, विमान त्यांचं! तिसऱ्यांना भीती ही, की ते आपली माणसं आखातात नेऊन पुढे लंडनलाही पोचवतील. चौघेही कॅप्टन, दुसऱ्याने सांगितलेलं लिहून घ्यायची सवय एकालाही नाही. लेखणी अर्थातच माझ्याकडे आली.

भागूबाई ताटं उचलता उचलता थबकल्या. "साहेब, त्या इमानाचं तिकीट लई स्वस्त हाय म्हनं?"

"तेच तर संकट आहे, बाई."

"माजा यशवंत तितं वेल्डर हाय. तीन वर्सं आला न्हाई, तिकीट परवडंना. आता त्या इमानानं येतो म्हनलाय." त्यांनी चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "ते बंद कराया बसलाय व्हय तुमी?"

चारही कॅप्टन चार दिशांना बघू लागले. शेवटी साडू पुटपुटले, "बंद नाही हो. थोडं कमी."

निवेदन एकदाचं झालं. पण ते एकाच पाकिटातून पाठवायला साडू कसे तयार होतील? टपाल चुकलं तर? म्हणून चार प्रती काढून त्या चार वाटांनी दिल्लीला धाडायचं ठरलं. प्रत्येक कॅप्टनने आपापली प्रत खिशात घातली आणि वाटेत, आपल्या अधिकारात, थोडीशी सुधारली. दिल्लीला चार निवेदनं पोचली. एकात फेऱ्या समसमान हव्या होत्या, दुसऱ्यात निम्म्या, तिसऱ्यात एकही नको होती. साडूंच्या प्रतीत तर अखेरीला ओळ होती, 'तथापि कामगारांची सोय पाहावी.' त्या ओळीबद्दल मित्रांनी त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला.

करार झाला. परदेशी कंपनीला भरपूर फेऱ्या मिळाल्या आणि साडूंना टेबल.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोळवणला असताना यशवंत आला. आईसाठी घड्याळ आणि साहेबांसाठी अत्तराची बाटली घेऊन. साडूंनी त्याला समोर बसवून उलटतपासणीच घेतली. विमान कुठलं, वेळेवर सुटलं का, हादरे किती बसले?

"आणि उतरताना?"

"कळलंच न्हाई, साहेब. पान्यावर बदक बसावं तसं टेकलं. आमी समद्यांनी टाळ्या वाजवल्या."

साडू बराच वेळ अत्तराच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत राहिले.

"टाळ्या वाजवतात लोक?"

"व्हय की. घरी आलो म्हनून. तुमच्या इमानात न्हाई वाजवत?"

"वाजवत असतील," साडू म्हणाले. "आमचं दार बंद असतं. आत काही ऐकू येत नाही." मग खाचरांकडे पाहत ते म्हणाले, "पण तुम्ही वाजवत जा."